हिंडतं-फिरतं माणूस

कांद्याच्या चाळीत बाया निवडायला बसल्या की हात आणि तोंड एकदमच सुरू व्हायचं. सडका कांदा एका अंगाला, बारीक कांद्याची गोल्टी पाटीत, आणि जिचं तिचं दुखणं मधोमध.

"आज उजाडायच्या आत दोनदा चादर बदलली," विजयमाला म्हणाली. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. "छबे, तुझं बरं हाय बाई. तुझं मानूस हिंडतं-फिरतं, हातानं जेवतं."

"व्हय, तेवढं बरं हाय," छबूबाई म्हणाली.

कुणीही विचारलं तरी ती एवढंच म्हणायची. सकाळी चहाचा कप हातात घेताना रंगनाथनं, तिच्या नवऱ्यानं, तिला विचारलं होतं, "बाई, तुमी कुन्या गावच्या?" ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. विजयमालाचं ऐकलं की तिला रोज थोडा धीर यायचा. आपला निदान पायावर उभा आहे, असं मनाशी म्हणत ती पाटी भरायची.

ऊन कलायला लागलं आणि रंगनाथच चाळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, पायात एकच चप्पल. त्यानं सगळ्या बायांवरून नजर फिरवली, छबूबाईपुढं येऊन थांबला आणि हात जोडले.

"बाई, आमची छबू दिसली का हो इकडं? सकाळधरनं घरी न्हाई."

बायांत हशा पिकला.

"आबा, आज लईच लाडात आलाय की!" पलीकडची एक जण ओरडली.

विजयमालाही हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले.

"बघ छबे," ती म्हणाली, "माझ्याला कूस बदलता येत न्हाई. तुझा तुला हुडकत आलाय."

छबूबाईचा हात कांद्यावरच राहिला. सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं होतं. विजयमाला अजून डोळे टिपत होती.

"व्हय," छबूबाई म्हणाली. "माझं बरं हाय."

बाया पुन्हा कामाला लागल्या. ती उठली. आपल्या बसण्याचं पोतं तिनं झटकलं आणि पाहुण्याला घोंगडी टाकावी तसं रंगनाथपुढं अंथरलं.

"बसा," ती हळूच म्हणाली. "येईल ती."

रंगनाथ अवघडून बसला. पाटीतल्या गोल्टीकडं बघत म्हणाला, "न सांगता कदी कुटं जात न्हाई हो ती."