बिनपाण्याची लॉरी

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं अण्णा म्हणाले, की मालनला कळायचं, आता येणारं निम्मं तरी खोटं आहे. कुठलं निम्मं, हे मात्र वीस वर्षांच्या संसारातही तिला दर वेळी सांगता आलं नव्हतं.

ती नवऱ्याचा डबा घेऊन मुलुंडच्या मिठागरावर आली, तेव्हा लॉरी बांधाशी बॉनेट उघडून वाफ सोडत उभी होती. लढाईनंतर लिलावात घेतलेली डिझेलची लॉरी. थोरल्या मालकांनी ती घेतली, त्या दिवसापासून चाक अण्णांच्या हातात. आता मालक होते थोरल्यांचे चिरंजीव, शरच्चंद्र. ते सावलीत घड्याळ बघत उभे होते. बाराला भंगारवाला येणार होता.

"अठ्ठेचाळीस साल," अण्णा मालकांना सांगत होते. "मिठाची पन्नास पोती, कसाऱ्याचा घाट, आणि रेडिएटरमध्ये पाण्याचा टिपूस नाही. तरी बाई चढली. वर पोचल्यावर मी बॉनेटवर भाकरी भाजून खाल्ली. ही गाडी तुम्ही भंगारात घालणार?"

"अण्णा, आज भांडुपहून इथवर येईतो ती तीनदा उकळली," शरच्चंद्र म्हणाले. "काल चारदा."

घाटकोपरहून आलेला दशरथ मिस्त्री बॉनेटपाशी गेला. त्यानं रेडिएटरच्या माथ्याला तळवा लावला आणि झटक्यात काढून घेतला. मग वाकून खालच्या नळीला लावला. तिथं हात निवांत राहिला.

"वर चटका, खाली गार," तो म्हणाला. "पाणी फिरत नाही. पंप ठीक आहे, म्हणजे जाळीच चोंदलीय. अण्णा, काय टाकत होतास रे यात?"

"मी काय टाकणार? पाण्याविना चालणारी गाडी ती."

दशरथनं खालची तोटी उघडली. आधी काहीच आलं नाही. त्यानं तार घालून खुपसलं, तसं पिवळं जर्द पाणी आलं, आणि मागून गाळ, गोळ्यागोळ्यांनी.

"ही तर आमटी आहे," दशरथ म्हणाला.

मालननं जवळ येऊन वास घेतला. "हळद आहे. आमच्याच डब्यातली. दर सोमवारी मूठभर न्यायचे. बांधावरच्या म्हसोबाला, म्हणून."

अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फुगते आणि भोक बुजतं, हे या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. पण आपली गाडी गळते, हे अण्णांनी नऊ वर्षांत कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

शरच्चंद्र हसले. "म्हणजे एवढंच?"

"एवढंच असेल, तर जाळी काढून धुतो. संध्याकाळी परत मीठ वाहील," दशरथ म्हणाला. मग हात पुसता पुसता थांबला. "पण घाटात कोरडी चालवली असेल, तर धुऊन उपयोग नाही. तेव्हाच हेडला, इंजिनाच्या वरच्या झाकणाला, केसाएवढी चीर गेली असणार. ती वाढत जाते. आणि या इंजिनाचं हेड आता कुठं मिळत नाही."

शरच्चंद्रांचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "अण्णा, खरं सांगा. त्या दिवशी पाणी होतं की नव्हतं?"

अण्णांनी मडगार्डवर हात ठेवला. मालन त्यांच्याकडे बघत राहिली. ही गोष्ट त्यांनी प्रत्येक नाक्यावर सांगितली होती, तिच्या माहेरी सांगितली होती, गणपतीत आरती थांबवून सांगितली होती. ती त्यांच्याकडून परत घेववणार नाही, हे तिला दिसत होतं. लॉरी जाताना बघवणार नाही, हेही दिसत होतं.

"नव्हतं," अण्णा म्हणाले. पण अगदी हळू. आणि मग बायकोकडे वळून, "तू गप रव गो."

तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"नव्हतं कसं?" मालन म्हणाली. "कळशी माझ्या मांडीवर होती. त्र्यंबकला निघालो होतो आपण. दर वळणावर तुम्ही उतरायचात आणि मी कळशी पुढं करायची. झऱ्यावर भरून आणायचात, की पुन्हा माझ्या मांडीवर. वर पोचेपर्यंत माझं हिरवं लुगडं चिंब झालं होतं. बॉनेटवर तेच वाळत घातलं होतं तुम्ही. भाकरी नव्हती ती."