नाव घातलेली डबी

म्हातारा तिसऱ्या बाकामागच्या मेपलच्या लाल झाडाखाली थांबला, तसा गिरिजाचा वाटीतला हात थांबला. बाळाला लावायला ती हळद, साय आणि डाळीचं पीठ कालवत होती.

खिडकीतून समोरचं पार्क सगळं दिसायचं. दर मंगळवारी हा वॉल्टर म्हातारा कानांना हेडफोन लावून, जमिनीतला धातू शोधायचं यंत्र गवतावरून फिरवत यायचा. गळ्यात टाउनशिपचं परमिट, प्लास्टिकच्या पाकिटात. एकदा त्यानं ते गिरिजाला कौतुकानं दाखवलं होतं. सहा इंचांहून खोल खणायचं नाही, खड्डा बुजवून गवत परत बसवायचं. नियम पाळले की पोलीससुद्धा मित्र होतात, असं तो म्हणाला होता. आणि खरंच, गस्तीवरचा पोलीस त्याच्यासाठी कॉफी घेऊन यायचा.

"आई, बाळाची नाळ तू नक्की कुठे पुरलीस?"

संध्याताई लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या. "त्या लाल झाडाखाली. सांगितलं होतं ना तुला?"

"कशात घालून?"

"कुंकवाच्या जुन्या डबीत. वरून हळद भरली, कीड लागू नये म्हणून."

"नाव घातलेली डबी?"

"माझ्या सगळ्याच भांड्यांवर नाव आहे."

ते खरंच होतं. संध्याताईंच्या घरात चमचासुद्धा निनावी नव्हता. पहाटे फिरायला जाते म्हणून त्या बाहेर पडल्या होत्या आणि पुरून आल्यावरच त्यांनी लेकीला सांगितलं होतं. अपार्टमेंटला अंगण नाही, आणि नातीची नाळ कचऱ्यात टाकणं त्यांच्यानं झालं नसतं.

वॉल्टर गुडघ्यांवर बसला. छोट्या खुरप्यानं खणून त्यानं डबी वर काढली आणि रुमालानं पुसली. झाकण घट्ट बसलं होतं. ते एकदम निघालं आणि हळद त्याच्या बोटांवर, मनगटावर सांडली.

तो हसत होता. मग त्याचं हसू गेलं.

दोन हजार एकचा ऑक्टोबर होता. टीव्हीवर दिवसभर टपालाच्या पाकिटांतून आलेल्या अँथ्रॅक्सच्या जीवघेण्या पावडरीच्या बातम्या चालायच्या. त्यांच्या एडिसन गावातले लोकही पत्रं उघडताना हातमोजे घालत होते.

पोलीस आला, पण आज तो जवळ गेला नाही. वीस पावलांवरून ओरडून त्यानं वॉल्टरला जागचं हलू नको म्हणून सांगितलं. डबी गवतावर ठेवून म्हातारा पिवळा हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. हात आपला नसून दुसऱ्याच कोणाचा असावा, तसा.

गिरिजानं नवऱ्याला, शार्दूलला, ऑफिसात फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं.

"तू घराबाहेर पडू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आपलं व्हिसा एक्स्टेंशन पेंडिंग आहे. आमच्या ऑफिसातल्या अतुलकडे परवा पोलीस चौकशीला आले होते, माहितीये ना? का, तर दारात दोन सूटकेस दिसल्या म्हणून."

"अरे, नुसतं सांगते, हळद आहे म्हणून. एका वाक्याचं काम आहे."

"आणि हळदीत काय आहे, ते? माणसाच्या अंगाचा तुकडा वाळवून पार्कात पुरला, हे पोलिसाला एक्सप्लेन करशील? ते टेस्ट करतील. दोन दिवसांत कळेल त्यांना. तोवर गप्प बस, यार. प्लीज."

दोन दिवस. तोवर म्हातारा काय समजून जगणार होता, ते गिरिजाला दिसत होतं. पण तिला भीती वाटत होती. पोलिसाची, व्हिसाची, आणि सगळ्यात जास्त आईच्या नावाची. अर्धं कॉम्प्लेक्स देशी होतं. मराठी वाचणारं कोणीही भेटलं असतं.

दारावर थाप पडली. तिनं आईला बाळाला घेऊन बेडरूममध्ये पाठवलं आणि डाव्या हातानं दार उघडलं. उजवा हात हळदीनं माखलेला होता. तो तिनं पाठीमागे धरला.

गस्तीवरचाच पोलीस होता, तिच्याच वयाचा. त्यानं एक कागद पुढे केला. डबीवरची अक्षरं दुर्बिणीतून पाहून उतरवली होती.

"मॅम, ही तुमच्याकडची लिपी आहे, असं खाली कोणीतरी म्हणालं. वाचता येईल तुम्हाला?"

नुसत्या रेघोट्या होत्या, पण गिरिजाला पहिल्या नजरेत वाचता आलं. सौ. संध्या पु. वैरागडे, नागपूर.

"नो," ती म्हणाली. "मला नाही वाचता येत."

पोलिसानं कागदाची घडी घातली. ती त्याला दोनदा घालावी लागली. "चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो," तो म्हणाला. "त्याला बायकोशी बोलायचंय. पण फोन धरायला कोणी त्याच्या जवळ जायचं नाही, अशी ऑर्डर आहे आम्हाला. काही आठवलं तर सांगा."

दार लावून ती खिडकीशी आली. पार्कच्या फाटकाशी अंगभर झाकणाऱ्या पांढऱ्या पोशाखातली माणसं गाडीतून उतरत होती. वॉल्टर तसाच उभा होता, हात लांब धरून. उभ्या उभ्याच तो बुटानं माती खड्ड्यात लोटत होता. कोणीतरी त्याच्यावर ओरडलं, तसा तो थांबला.

संध्याताई बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलंही नाही.

"सांगितलंस ना, हळद आहे म्हणून?"

गिरिजानं हळदीचा हात पुन्हा पाठीमागे धरला.

"बरं केलंस," बाळाची पाठ थोपटत त्या म्हणाल्या. "म्हातारं माणूस, उगाच घाबरलं असतं."