पलीकडची केतकी

अकरावीचा फॉर्म भरण्याआधी शाळा प्रत्येकाला पंचवीस वर्षांनंतरच्या स्वतःशी तीन मिनिटं बोलू द्यायची. माणूस तेव्हा हयात असेल तरच फोन लागायचा. केतकीचा लागला.

"सायन्स घेऊ की कॉमर्स?" तिने एका दमात विचारलं.

पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. तीन मिनिटं तशीच संपली आणि फोन आपोआप बंद झाला.

"असं कधीच झालं नव्हतं गं," दळवी मॅडम ओशाळून म्हणाल्या.

केतकी मात्र भिंतीवरच्या सूर्यमालेच्या तक्त्याकडे एकटक बघत होती. एकदम ती उठून उभी राहिली.

"मॅडम, आपला आवाज मंगळावर पोहोचायलाच पाच-दहा मिनिटं लागतात ना?"

आणि मॅडम काही बोलायच्या आत तिने सायन्सवर खूण केलीसुद्धा.