पत्र्यावरची वाकळ

“वैजू, तुझी जीप हाय का तवा? तळपाय भाजलं की!” गेल्या बाजाराला पारूमावशी असं म्हणाली आणि सगळ्या बायका उतरून अंतूतात्याच्या वडापमध्ये जाऊन बसल्या. या बाजारालाही तसंच झालं, तर वैजूला जीप विकावी लागणार होती.

म्हणून तिनं जीपच्या तळाला थर घातले. सगळ्यात खाली उघडा पत्रा. इंजिनाची धग तिथूनच यायची.

त्यावर चंदेरी फोमची शीट.

त्यावर दुहेरी गोणपाट.

त्यावर, गोणपाट टोचू नये म्हणून, आईच्या लुगड्यांची वाकळ.

“आधी हात लावून बघा, मग बसा,” वैजू म्हणाली. मावशीनं हात लावला.

त्यावर नऊ बायका, बुट्ट्यांसकट.

बारा किलोमीटर कुणी पाय वर घेतला नाही. मावशीला तर डुलकी लागली. वैजूनं खुशीत बाजारात गाडी थांबवली, पण उतरायला कुणी तयार होईना.

“आमच्या चपला?”

“कुठं हायत?”

“गावात, स्टँडवर. आईच्या लुगड्यांवर चपला घालून पाय ठेवायचा व्हय गं?”

बाहेर डांबर वितळत होतं. वैजूनं कपाळाला हात लावला, गाडी वळवायला घेतली, तेवढ्यात हॉर्न वाजवत अंतूतात्याचं वडाप आलं. आत माणूस एकही नाही. सीटवर चपलांचे नऊ जोड.

“पोरी,” तात्या घाम पुसत म्हणाला, “खाली काय काय घातलंयस ते मलाबी सांग. आज माझ्या गाडीत नुसत्या चपलाच बसल्या.”