दोन सारखे टॉवेल

"टॉवेल कसला दाखवतेस? टॉवेल काय, कुणीही टांगेल. थेंब दाखव."

चंद्रप्रभाकाकूंनी हे शूटिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मयुरा कॅमेऱ्यामागून हसली होती. "काकू, थेंब मोबाइलवर दिसत नाहीत. लोक शॉर्टफिल्म मेट्रोत उभ्या उभ्या बघतात."

"बरं बाई, डायरेक्टर तू," काकू म्हणाल्या.

आता तीच नऊ मिनिटांची फिल्म, 'आठच्या आत', एका ऑनलाइन महोत्सवात शेवटच्या पाचांत होती. बुधवार ते रविवार प्रेक्षकांची मतं. पहिल्या येणाऱ्याला पुढच्या फिल्मसाठी निर्माता मिळणार होता. मैत्रेयी झाली तेव्हा मयुराने नोकरी सोडली, त्याला अडीच वर्षं झाली होती. तिला हे एवढं एकच हवं होतं.

फिल्म काकूंवरच होती. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत मयुरा बी टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर, काकू समोरच्या सी टॉवरमध्ये दुसऱ्यावर, एकट्या. फोनवर त्यांना धड ऐकू येत नसे. म्हणून दोघींचं ठरलेलं होतं: आंघोळ झाली की आठच्या आत काकूंनी टॉवेल धुऊन बाल्कनीत वाळत घालायचा. टॉवेल दिसला की मयुराने समजायचं, ठीक आहे. काकूंचा मुलगा परीक्षित पुण्याहून म्हणाला होता, "तुम्ही समोर आहात, म्हणून मला झोप लागते."

आधी टॉवेल रोज वेगळा असे. कधी लाल चौकड्यांचा, कधी काकांचा जुना पंचा. कॅमेऱ्यात ते विसंगत दिसायला लागलं, तेव्हा मयुराने करोल बागेतून दोन पिवळे टॉवेल आणले, अगदी सारखे. पोस्टरवर पिवळा छान उठून दिसला.

मतांसाठी तिने एक युक्ती काढली. रोज सकाळी समोरच्या बाल्कनीचा छोटा व्हिडिओ टाकायचा, 'आजचा टॉवेल'. चौकटीत खाली रुंद काळी पट्टी, तिच्यावर 'मत द्या'. संध्याकाळी तिरप्या उन्हात एक फोटो. मंगळवारी ती काकूंना सांगून आली, "पाच दिवस संध्याकाळी टॉवेल आत घेऊ नका हं. सकाळी दुसरा घाला, मग हा काढा."

"तुझ्या सिनेमापायी वास मारेल गं त्याला," काकू म्हणाल्या आणि मैत्रेयीसाठी बेसनाचा लाडू तिच्या हातावर ठेवला.

बुधवारी दुपारी मैत्रेयीला ताप आला.

गुरुवारी तिचा नवरा सिद्धांत मानेसरला जाणारी कंपनीची बस पकडायला निघताना दारात थांबला. मयुराच्या मांडीवर मुलगी होती, हातात फोन.

"टेंपरेचर मोजलंस, की नुसते व्ह्यूज?"

"एकशे एक. आणि साडेचार हजार."

तो हसला नाही. "यार मयुरा, ठेव ना तो फोन जरा."

तिने ठेवला. मैत्रेयीच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवली, बदलली, पुन्हा ठेवली. मग फोन उचलला. त्या नादात औषध द्यायला वीस मिनिटं उशीर झाला. ती वीस मिनिटं तिला दिवसभर बोचत राहिली. कसली आई आहोत आपण, असं वाटत राहिलं.

'काकू कशा आहेत?' नागपूरहून कुणीतरी विचारलं होतं.

'एकदम मस्त. आजचा टॉवेल बघा ना,' मयुराने लिहिलं. शंभरावर लोकांनी त्याखाली बदाम टाकले.

शुक्रवारी एकदा समोर जाऊन यावं असं तिच्या मनात आलं. काकूंची कामवाली लता आठ दिवस गावाला गेली होती, काही हवं-नको असेल. पण तापाच्या पोरीला घेऊन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईकडे कसं जायचं? उगाच त्यांनाही ताप. आणि टॉवेल तर समोर होता. पिवळाजर्द, उन्हात.

शनिवारी मैत्रेयीचा ताप उतरला. तिने अर्धी वाटी वरणभात खाल्ला आणि म्हणाली, "काकू लाडू."

"उद्या जाऊ हं काकूंकडे. बिल्कुल जाऊ." मयुराला रडूच आलं. लेकीचे केस मागे सारत तिने मनातल्या मनात तिची माफी मागितली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. लेक ठोकळे घेऊन बसली, तशी मयुरा लॅपटॉप उघडून बसली.

फिल्म दुसऱ्या नंबरावर होती, दीडशे मतांनी मागे. अजून एक जोर लावला की झालं. चार सकाळींचे चार व्हिडिओ एकाच चौकटीत शेजारी शेजारी लावायचे. 'मत द्या'ची पट्टी चारदा आली तर गिचमीड दिसेल, म्हणून तिने पट्ट्या काढल्या आणि मूळ व्हिडिओ घेतले. चारही एकदम चालू केले.

बुधवार. टॉवेलच्या काठावरून थेंब पडत होते, एकामागून एक. खालच्या सज्ज्यावर ओला काळसर डाग पसरत चालला होता. फोनवर काढलेल्या व्हिडिओत थेंब अगदी स्वच्छ दिसत होते.

गुरुवार. सज्जा कोरडा.

शुक्रवार. कोरडा.

शनिवार.

मैत्रेयीला कडेवर घेऊन ती अनवाणी निघाली. लिफ्ट अकराव्या मजल्यावर अडली होती. जिना उतरता उतरता तिने फोनवर लिहिलं. लिहायचं होतं सोसायटीच्या ग्रुपवर, पण उघडं होतं ते फिल्मचं पान. अकरा हजार लोकांपुढे, 'आजचा टॉवेल'च्या खाली, तिची ओळ जाऊन पडली:

'सी-२०४. जवळ जे कुणी असाल, आत्ता जाऊन दार वाजवा. टॉवेल कोरडा आहे.'