शकुनबाईचं यमाशी भांडण

शकुनबाईने लोणच्याची बरणी उचलली आणि शेजारच्या सुलोचनाबाईंच्या ओसरीवर नेऊन आदळली.

"ठेवा तुमच्या घरी. आजपासून आमच्या घरचं सारं अळणी."

आदल्या दिवशी ती आणि तिचा नवरा गोपीचंद खोकल्याचं औषध आणायला सिहोऱ्याहून तुमसरला गेले होते. डॉक्टरांनी दोघांचीही छाती तपासली, शकुनबाईला बाहेर बाकावर बसवलं आणि गोपीचंदला थांबवून घेतलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"माहं काळीज कमजोर झालं म्हणते डाक्टर," तो म्हणाला. "मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद. अन् रोज फिरा म्हणते."

 रडत बसणं शकुनबाईच्या स्वभावात नव्हतं. भांडण तिला छान जमायचं, आणि हे भांडण थेट यमाशी होतं.

गोपीचंदचं किराणा दुकान. दिवसभर गादीवर बसायचं आणि येता-जाता शेव तोंडात टाकायची. तिने आधी शेवेचा डबा हलवला, मग कढईतलं तळण बंद केलं. जे त्याच्या ताटात, तेच तिच्या ताटात.

"तू तरी खा ना वो चटणी," तो म्हणायचा.

"तुमी अळणी खाऊन राहिले अन् मी चटणी हाणू? माह्या गळ्याखाली उतरन काय?"

बिडीवर मात्र तो अडून बसला. "तू गुडाखू सोड, मी बिडी सोडतो." दातांना तो तंबाखूचा गुडाखू घासल्याशिवाय शकुनबाईची सकाळ व्हायची नाही. काही दिवस तिने साऱ्या घरावर राग काढला, मग डबी चुलीत टाकली.

रोज सकाळी दोघं तलावाच्या पाळीवरून फिरायला निघत. धानाच्या बांधीकडे जाणाऱ्यांना ही मोठी गंमत वाटायची.

"काहून शेठ, बैल हरपला काय? कोनाले शोधून राहिले?"

"तुह्या अकलेले!" शकुनबाई ठणकावायची.

थोडं चाललं की गोपीचंद खाली बसे. "थांब वो, दम लागला." तीही शेजारी टेकायची, पदराने घाम पुसायची. त्याच्याकडे पाहून तिचा जीव तुटायचा. नवरा धडधाकट झाला की चांदपूरच्या टेकडीवर पायी चढून मारुतीला नारळ फोडीन, असं ती बोलली होती.

उन्हाळा गेला, रोवणी झाली. हळूहळू ते बसणं सुटलं. धान कापणीला आलं तेव्हा दोघं चांदपूरची टेकडी कुठेही न थांबता चढून गेले. शकुनबाईने असा नारळ आपटला की पुजारी दचकला. यमाला तिने पार लोळवलं होतं. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

तशीच ती नवऱ्याला घेऊन तुमसरला गेली आणि डॉक्टरांपुढे ऐटीत उभी राहिली.

"तपासा आता ह्यायले."

"बाई, तुम्ही झोपा टेबलावर."

"मी कायले? दुखनं ह्यायचं हाये."

गोपीचंद खिडकीबाहेर पाहू लागला. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, रक्तदाब मोजला आणि उठून गोपीचंदच्या पाठीवर थाप मारली.

"जमवलंत शेठ! हृदय सुधारलं बाईंचं. आता तरी सांगून टाका त्यांना, दुखणं कोणाचं होतं ते."