यानाच्या पोटातल्या चिरा

“पाटीवर बाबांचं नाव जरा ठळक येऊ द्या,” उस्तादांची मुलगी म्हणाली, आणि बाईंच्या हातातली कापसाची काडी यानाच्या पंखावरच थांबली.

यान हातभर लांबीचं होतं. अंतराळप्रवासाच्या एका जुन्या सिनेमात ते पडदाभर दिसायचं. आता ते संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या टेबलावर, मऊ उशीवर पडलं होतं. अंगावर काळवंडलेली धूळ, एक पंख खिळखिळा. दुरुस्तीचं काम बाईंकडे होतं. गेले तीन आठवडे त्या काडीला कापूस गुंडाळून, तो जिभेवर ओला करून, इंच इंच पुसत होत्या. थुंकीइतकं सौम्य औषध अजून कुठल्या दुकानात मिळालेलं नाही, असं त्या नव्या माणसांना सांगत. उस्ताद सिनेमांसाठी अशी छोटी यानं घडवत; हे यान घरून आणून देणारी त्यांची मुलगी आज काम कुठवर आलंय ते बघायला आली होती. उद्या पाटी छापायला जायची होती.

“बाबा रोज सकाळी स्वतः पुसायचे हे,” ती म्हणाली. “आम्हाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.”

बाईंनी काडी खाली ठेवली. तीन आठवडे ओठांवर येऊन परत गेलेलं आज सांगून टाकायलाच हवं होतं. पाटी लागली की खोटं कायमचं भिंतीवर चढणार होतं.

“हे तुमच्या बाबांचं नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी केलंय. त्यांचं यान माझ्यामुळे गेलं.”

मुलीने स्टूल पुढे ओढलं.

तो सिनेमा बनत होता तेव्हा बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि उस्तादांच्या हाताखाली शिकत होत्या. उस्तादांनी सात महिने खपून यान केलं होतं. सिनेमाच्या शेवटी ते फुटणार होतं, म्हणून स्फोटापुरती त्याची एक प्रत बाईंनी अकरा दिवसांत उभी केली. प्लायवूड, प्लास्टिकचा पातळ पत्रा, रेडिओची बटणं, कंगव्याचे दात, हाताला लागेल ते. नीट फुटावी म्हणून कवचाला आतून करवतीने चिरा पाडल्या. उस्ताद काही कौतुक करण्यातले नव्हते. त्यांच्या तोंडून ‘चालेल’ निघालं तर लोक तारीख लिहून ठेवत. स्फोटाच्या आदल्या संध्याकाळी ते दोन्ही यानं शेजारी ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले, आणि “जा घरी, झोप,” एवढंच म्हणाले. सकाळी बाईंनी प्रतीवर रंगाचा शेवटचा हात मारला. वाळल्यावर दोन्ही यानं सारख्याच पेट्यांत भरली आणि फुटायच्या पेटीवर खडूने फुली मारली. संध्याकाळी फुलीच्या पेटीतलं यान स्फोटात उडालं. मग दुसरी पेटी उघडली, तर आत बाईंची प्रत.

“झोप नव्हती, डोळ्यांवर अंधारी यायची. फुली भलत्याच पेटीवर पडली,” बाई म्हणाल्या. “त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलेच नाही. दोनदा त्यांचा निरोप आला, पण तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. ते गेले तेही मला वर्तमानपत्रातून कळलं.”

“पण हे तुमचंच कशावरून, ताई? दिसायला दोन्ही सारखीच ना?”

“दाखवते. माझ्या यानात चिरा आहेत.”

यानाच्या पोटाला चार स्क्रूंचं झाकण होतं. पंख बसवायला ते उघडावंच लागणार होतं, आणि बाई रोज ते उद्यावर ढकलत आल्या होत्या. झाकणाच्या फटीवरून रंग सलग गेला होता. तो बाईंचाच रंग, शिसपेन्सिलीची पूड घालून त्या सकाळी कालवलेला. स्क्रूंच्या खाचासुद्धा त्याने बुजल्या होत्या. बाईंनी पातळ पात्याने फट मोकळी केली, स्क्रू काढले आणि दिवा आत धरला.

“कुठंयत चिरा?” मुलीने वाकून विचारलं.

चिरा होत्या, पण दिसत नव्हत्या. प्रत्येक चिरेवर सरसात बुडवलेली कापडाची पट्टी बसवली होती, कडा आत दुमडून, एकही सुरकुती पडू न देता. असे हात बाईंनी जन्मात एकाच माणसाचे पाहिले होते. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. कवच कुठेही लवत नव्हतं.

“बाबांनी नंतर कधीतरी केलं असेल,” मुलगी म्हणाली.

“झाकण मी आदल्या संध्याकाळी लावलं आणि घरी गेले,” बाई एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. “सकाळी येऊन त्यावर रंग दिला. तो रंग आज पहिल्यांदा फुटला, तुमच्यासमोर. म्हणजे पट्ट्या त्या एका रात्रीत लागल्या. स्फोटाच्या आधी.”

“पण उडवायच्या यानाला कुणी कशाला मजबूत करेल?”

बाईंनी दिवा खाली ठेवला. एका पेटीवरची खडूची फुली पुसून दुसरीवर मारायला असा कितीसा वेळ लागतो. ते दोन निरोप कशासाठी आले होते तेही आत्ता कळत होतं. चाळीस वर्षं उराशी बाळगलेल्या अपराधापेक्षा ते कळणं जड होतं. मुलगी उत्तराची वाट बघत होती.

“सात महिने खपून केलेलं ते यान त्यांनी स्वतः उडवलं,” बाई म्हणाल्या, “आणि माझं ठेवलं.”